पंचायतीत डबा लागला, पण नेट कुठं आहे?

वाचकांचे प्रश्न : गावकारभार

मागच्या अंकात आपण एकच साधा प्रश्न टाकला होता, तुमच्या ग्रामपंचायतीत इंटरनेट चालते का, आणि चालत नसेल तर कामं होतात कशी. त्यावर इतके मेसेज आन् पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले. नावं-गावं छापत नाही, फक्त तालुका देते, कारण गावात राहून पंचायतीबद्दल लिहिणं किती अवघड असते हे तुम्हालाही माहीत आहे आन् मलाही.

प्रश्न : ताई, आमच्या पंचायतीत भिंतीवर नेटचा डबा लावून लय वर्षं झाली. तवाचा फोटो पण आहे, हार घालून. पण त्या डब्याची लाइट लागलेली गावात कोणीच पायली नाही. सातबारा काढाले, केवायसी कराले आर्णीले जा लागते, गाडीभाडं जाते आन् मजुरीचा दिवस मोडते तो वेगळाच. सरपंच म्हणते तालुक्याहूनच बंद आहे. तालुक्यावाले म्हणते आमच्याकून लाइन चालू आहे. खरं कोणाचं मानाचं? (आर्णी तालुका)

भाऊ, दोघांचंही खरं असू शकते, आणि म्हणूनच हे इतकी वर्षं लोंबकळत राहते.

ही लाइन येते कशी ते आधी नीट समजून घ्या, कारण ते समजलं की कोणी टोलवाटोलवी केली तरी तुम्हाला पुढचा प्रश्न विचारता येतो. केंद्राच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये ही योजना मंजूर केली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. देशातल्या जवळपास अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार, म्हणजे फायबर, न्यायची असा तो बेत. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये एक मोठी मशीन असते तिला ओएलटी म्हणतात, तिथून तार निघते आणि तुमच्या पंचायतीच्या भिंतीवरच्या डब्यात येते, त्या डब्याला ओएनटी म्हणतात. तालुक्यावाले जेव्हा "लाइन चालू आहे" म्हणतात तेव्हा बरेचदा त्यांच्याकडची मशीन चालू आहे एवढाच त्याचा अर्थ असतो, मधल्या पंधरा-वीस किलोमीटरात तार धड आहे का तुटली हे त्यात येत नाही.

म्हणून पहिलं काम, उद्या सकाळी पंचायत उघडली की डब्यासमोर उभं राहून लाइट पहा. बहुतेक डब्यांवर पॉवर, पॉन आणि लॉस अशा तीन लाइट असतात, अक्षरं इंग्रजीत आणि बारीक असतात म्हणून एखाद्या शिकल्या पोराला सोबत घ्या. पॉवरची लाइटच लागली नाही तर भानगड विजेची आहे, अडॅप्टर जळला, बॅटरी उतरली किंवा चोरीला गेली, किंवा आपल्याकडं सर्रास होते तसं संध्याकाळी घरी जाताना कोणीतरी मेन स्विचच पाडून जाते. पॉवर आहे पण लॉसची लाल लाइट लुकलुकते, तर तालुक्याहून येणारा उजेड डब्यापर्यंत पोचतच नाही, तार कुठंतरी तुटली किंवा दबली. आणि पॉनची हिरवी लाइट स्थिर आहे तरी नेट नाही, तर तार ठीक आहे, कनेक्शन चालू करायचं किंवा बिलाचं काहीतरी अडलं. या तीन गोष्टींची तीन वेगळी माणसं असतात, आणि "नेट बंद आहे" एवढंच म्हटलं की तिघंही एकमेकाकडं बोट दाखवून मोकळे होतात.

डब्यात जाणारी ती बारीक पिवळी वायरपण नीट पहा. खिळ्याला गुंडाळलेली, दारात चेपलेली किंवा उंदराने कुरतडलेली असते कैकदा. पण ती काढून तिच्या टोकात डोळा लावू नका, पोरांनाही लावू देऊ नका, आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो.

आता तक्रार. लाइटचा मोबाइलवर फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा, आणि तक्रार करताना तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. आपल्या राज्यात काही तालुक्यांत ही तार पहिल्या टप्प्यात केंद्राच्या कंपनीकडून पडली आणि काही ठिकाणी दुसऱ्या टप्प्यात राज्याच्या महानेटमधून, त्यामुळे तुमची तार कोणाच्या ताब्यात आहे हे पंचायत समितीत बीडीओंना, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांना, लेखी विचारा. लेखीच. तोंडी विचारलेल्याला तोंडीच उत्तर मिळते आणि ते दुसऱ्या दिवशी बदलते. उत्तरच आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते.

आणखी एक गोष्ट, शेजारच्या गावात विचारा त्यांचा डबा चालू आहे का. जुन्या पद्धतीत तार एका गावाहून पुढच्या गावी अशी सरळ गेलेली आहे, तुमच्या अलीकडच्या गावाजवळ तुटली की तुमच्यासकट पुढची सगळी गावं अंधारात. म्हणजे तीन-चार गावांची तक्रार एकच असू शकते, आणि तीन-चार सरपंचांच्या सह्यांचं एक पत्र गेलं की त्याला वजन येते. ४ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने सुधारित भारतनेट मंजूर केलं, १,३९,५७९ कोटींचं, त्यात ही सरळ लाइन मोडून गोल रिंग करायची ठरली आहे, एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहील अशी. तुमच्या तालुक्यात रिंगचं काम कुठवर आलं हेही त्याच पत्रात विचारून टाका.

पण भाऊ, मला खरं सांगायचं ते हे. हा डबा सरकारने लावला, ठेकेदाराने लावला, म्हणून तो आपला नाहीच असं गाव धरून चालते. बोअरची मोटर जळली तर सकाळी सातला सरपंचाच्या दारात पन्नास बायका उभ्या राहतात ना. नेटसाठी तशी गर्दी होत नाही तोवर कोणाला घाई नाही. ती गर्दी करायची जागा म्हणजे ग्रामसभा. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, भाषण नको, साधा ठराव. असा काहीसा :

"आपल्या ग्रामपंचायत कार्यालयातील भारतनेट जोडणी अमुक महिन्यापासून बंद आहे. त्यामुळे दाखले, ई-केवायसी व शेतकऱ्यांची नोंदणी यासाठी गावकऱ्यांना तालुक्याला जावे लागते. जोडणी सुरू करून मिळणेबाबत गटविकास अधिकारी यांना आठ दिवसांत पत्र द्यावे, तक्रार क्रमांक घ्यावा, नेट चालू-बंदची नोंदवही कार्यालयात ठेवावी व ती दर मासिक सभेपुढे मांडावी. सूचक अमुक, अनुमोदक अमुक, सर्वानुमते मंजूर."

त्या नोंदवहीत फार काही नको, कधी गेलं, कधी आलं, कोणाला सांगितलं, तक्रार नंबर काय. सहा महिन्यांची अशी वही घेऊन तुम्ही जिल्हा परिषदेत गेलात तर समोरच्याला "पाहतो" म्हणून उठवता येत नाही. ग्रामसभेला कोरम लागतो, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी असेल तो, आणि कोरमअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला तो लागत नाही, म्हणून "माणसं जमत नाहीत" हे कारण चालवून घेऊ नका. काही वाचकांनी विचारलं की आमच्याकडं मुदत संपून प्रशासक बसला आहे, मग ग्रामसभा कशी होणार. होते ना. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार, निवडून आलेल्यांची मुदत संपते, गावाची संपत नाही.

अजून एक, आणि हे आपल्याच हातातलं आहे. आपल्याकडं तार तुटते ती जास्त करून जेसीबीने, रस्ता रुंद करताना नाहीतर नळयोजनेची पाइपलाइन टाकताना. आन् त्या कामाची परवानगी किंवा ठराव बरेचदा आपलीच पंचायत देते. मार्च २०२३ मध्ये केंद्राने कॉल बिफोर यू डिग नावाचं ॲप काढलं, खोदणाऱ्याने खोदण्याआधी त्यात नोंद करायची, म्हणजे त्या जागेखाली ज्याची तार, गॅसची लाइन वगैरे असेल त्याला खबर जाते. परवानगी देताना पंचायतीने एक ओळ टाकावी, ॲपवर नोंद केल्याचा पुरावा दाखवा, मगच खोदा. जेसीबी चालू असताना गावातला एक माणूस तिथं उभा ठेवला तर त्याहून चांगलं.

प्रश्न : ताई, मी गावच्या आपले सरकार सेवा केंद्रावर बसते. नेट गेलं की सारे माझ्यावरच ओरडतात. म्हातारे लोकं सकाळी नऊला येऊन बसतात, अंगठा लागत नाही, सर्व्हर गोल गोल फिरत राहते, मग मी माझ्याच मोबाइलचं हॉटस्पॉट लावते, दुपारपर्यंत डेटा संपते. रात्री घरून कामं करते. सारखं वाटते सोडून द्यावं. (मेहकर तालुका)

ताई, तुमचा मेसेज मी दोनदा वाचला. अख्ख्या गावाची पीएम-किसानची केवायसी, फार्मर आयडी, दाखले, पंचायतीची सगळी ऑनलाइन नोंद, आणि आता कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी, हे सगळं एका खुर्चीवर आणि एका मोबाइलच्या डेटावर चालते हे गावाला माहीतच नाही. त्यांना समोर फक्त तुम्ही दिसता, तुटलेली तार दिसत नाही.

तुमचा मोबाइल डेटा हा पंचायतीच्या कामाचा खर्च आहे, तुमचा नाही. हे मासिक सभेत लेखी मांडा, महिन्याला किती दिवस पंचायतीचं नेट बंद होतं आणि किती रुपयांचा रिचार्ज गेला, आणि तो ग्रामनिधीतून मिळावा असा अर्ज द्या. मिळेलच असं मी म्हणत नाही, पण अर्ज दप्तरात राहू द्या.

दुसरं, नेट नाही म्हणून माणसाला परत पाठवायची पाळी तुमच्यावर येऊ देऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंदणीचा दाखला, नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला हे सगळं त्यात येते आणि प्रत्येकाला मुदत ठरलेली आहे. अर्ज आला की पोच द्यायची. तेव्हा नेट बंद असलं तर कागदावर अर्ज घ्यायचा, आवक नोंदीत चढवायचा, पोच द्यायची. म्हातारा माणूस हातात कागद घेऊन घरी जाते आणि मुदतीची जबाबदारी तुमच्यावरून ग्रामसेवकावर जाते, जिथं ती असायला पाहिजे. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात म्हणून जबाबदारी बदललेली नाही.

वाचकांना पण हात जोडून सांगते, केंद्रावर बसलेल्या पोरीवर ओरडू नका. ओरडायचं तर ग्रामसभेत ओरडा, तिथं त्याची नोंद होते. आणि ताई, सोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण एक ग्रामसभा होईपर्यंत थांबा आणि त्या सभेत स्वतः उभं राहून सांगा दिवस कसा जाते ते. त्याआधी महिलांची सभा होते, तिथं आधी सांगा, बायका ऐकून घेतील आणि मोठ्या सभेत तुमच्या बाजूनं बोलतील.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सदस्य झाले. गावात अभ्यासिका आहे, पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, तिथं वायफाय लावा म्हटलं तर सरपंच आन् सचिव दोघं म्हणतात वित्त आयोगात बसत नाही. खरंच बसत नाही का? (वरुड तालुका)

ताई, "बसत नाही" हे उत्तर अर्धं आहे. कोणत्या पैशात बसत नाही हे विचारा.

१५ व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या, पैशाचे २०२१-२२ ते २०२५-२६ मध्ये दोन भाग होते, ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, तिथं वायफाय खरंच बसत नाही. उरलेला ४० टक्के अबंधित. तो गावाच्या गरजेनुसार, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर खर्च करायचा, पगार आणि आस्थापनेवर, म्हणजे कार्यालय चालवायच्या खर्चावर, मात्र नाही. आता ती अनुसूची काढून पहा, त्यात शिक्षण आहे आणि ग्रंथालय हा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे अभ्यासिकेसाठी राउटर, वायरिंग, बॅटरी बॅकअप हे विकास आराखड्यात मांडायला आधार आहे. अडचण कुठं येते तर दर महिन्याच्या बिलात, ते आस्थापनेत धरून आक्षेप निघू शकते. म्हणून माझं म्हणणं असं की वस्तू आराखड्यातून घ्या आणि महिन्याचं बिल ग्रामनिधीतून, घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीतून भरायचा ठराव करा. २०२६-२७ पासून १६ व्या आयोगाचा काळ आहे, त्याच्या सूचना सचिवांकडून कागदावर मागून घ्या आणि स्वतः वाचा, कोणी सांगितलं म्हणून धरू नका.

आराखड्यात विषय नसेल तर वर्षभर डोकं आपटून उपयोग नाही हेही खरं. आराखडा बनते त्या ग्रामसभेला अभ्यासिकेतली पोरं घेऊन जा. अठरा पूर्ण होऊन मतदार यादीत नाव आलेले सगळे मतदार आहेत, हात वर करू शकतात, पण ग्रामसभेत ते दिसतच नाहीत. आणि आराखड्यात काय आहे, कशावर किती खर्च झाला हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही दिसते, लॉगिन लागत नाही. आपल्या पंचायतीचं पान उघडा, मागच्या दोन वर्षांचा खर्च पहा, त्यात संगणक दुरुस्ती, इंटरनेट अशी काही रक्कम आधीच पडलेली आहे का ते बघा. असेल तर मासिक सभेत शांतपणे विचारायचं, ही मशीन कुठं ठेवली आहे, दाखवा. पहिल्यांदा सदस्य झालेल्या बाईला "तुला काय समजते" म्हणणारे पुष्कळ भेटतात. कागद हातात असला की तेच लोक खुर्ची सरकवून देतात.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, मोबाइलला घरात रेंज येत नाही, गच्चीवर जाऊन अभ्यास करते, उन्हाळ्यात तर चार वाजेपर्यंत वर पाय ठेवता येत नाही. घरी फायबर घ्याचं म्हटलं तर कंपनीचा माणूस म्हणते एका घरासाठी तार आणणं परवडत नाही. बचत गटाच्या आम्ही दहा-बारा जणी आहो, काही करता येईल का? (समुद्रपूर तालुका)

येईल, आणि दहा-बारा जणी आहात हीच तुमची मोठी ताकद आहे. एका घरासाठी तार न आणणारा माणूस पंधरा घरांची यादी पाहिली की येते. कागदावर यादी करा, नाव, घर पंचायतीपासून किती खांब दूर, कोणता प्लॅन परवडेल. साधारण महिन्याला चारशे-पाचशेच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो हे बायकांना आधीच सांगा, नाहीतर पहिल्या बिलाला वाद होते.

भारतनेटमध्ये उद्यमी म्हणून एक पद्धत आहे, गावातल्याच माणसाला घरोघरी फायबर जोडून द्यायचं आणि दुरुस्तीचं काम दिलं जाते, आणि उत्पन्नात त्याला निम्म्यापर्यंत वाटा मिळते. सुधारित योजनेत खेड्यातली दीड कोटी घरं अशी जोडायचं ठरलं आहे. तुमच्या गावात आयटीआय केलेला, डिश-केबलचं काम करणारा पोरगा असेल तर त्याला या कामाला लावा. माझ्या पाहण्यात जिथं दुरुस्ती करणारा माणूस गावातला असते तिथं नेट टिकते, जिथं तो तालुक्याहून येणार असते तिथं "उद्या येतो" वर आठवडा जाते.

घरोघरी जमत नसेल तर पीएम-वाणी आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली योजना. किराणा दुकान, गिरणी, चहाची टपरी, कोणीही आपल्या जागी वायफाय लावून पाच-दहा रुपयांची कुपनं विकू शकते, त्या दुकानदाराला लायसन्स लागत नाही, नोंदणीची फी नाही, फक्त एका नोंदणीकृत कंपनीशी जोडून घ्यावं लागते. आधी या दुकानांना कंपन्या महागडी लाइन घ्या म्हणायच्या आणि गणित बसायचं नाही. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, आदेश काढला की अशा दुकानाला २०० एमबीपीएस स्पीडपर्यंतचं कनेक्शन घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त भावाने देता येणार नाही. तुमचा गटच हे चालवू शकते, गटाच्या खोलीत राउटर लावायचा, पोरींना अभ्यासाला जागा होते आणि चार पैसे गटाला. मला तर हेच जास्त आवडलं, कारण गच्चीवर एकटीने अभ्यास करण्यापेक्षा खोलीत चार जणी बसलेल्या बऱ्या.

राउटर बारा व्होल्टवर चालते, त्याचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळते, तो घ्याच, आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. आणि मृगात आभाळ गरजायला लागलं की अडॅप्टर पिनमधून काढून ठेवा. काचेच्या तारेतून वीज येत नाही, ती येते लाइटच्या पिनमधून, पहिल्या पावसात आपल्याकडं जळतात ते राउटर असेच जळतात. कंपनीचा माणूस ब्रॉडबँड देतो म्हणाला तर किती स्पीडचं ते पावतीवर लिहून घ्या. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस असेल तरच ते ब्रॉडबँड, पण व्हिडिओवर तास ऐकायचा तर त्याहून बरंच जास्त पाहिजे, घरात दोघं-तिघं वापरणार असतील तर ३० च्या खाली घेऊ नका.

प्रश्न : आमच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, फोन लावायचा तर डोंगरीवर चढावं लागते. गरोदर बाईसाठी गाडी बोलवायची तरी तेच. टॉवर मागितला तर म्हणतात जंगल आहे, वन विभाग परवानगी देत नाही. ग्रामसभेला यात काही अधिकार आहे का? (कोरची तालुका, गडचिरोली)

काका, अधिकार आहे आणि चांगला पक्का आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३ पोटकलम २ वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाणी अशा गावाच्या १३ सोयींसाठी वनजमीन देता येते, आणि त्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या लाइन नावानिशी आहेत. अट अशी की प्रत्येक कामाला जागा एक हेक्टरपेक्षा कमी लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे पहिली सही तुमची. ही फाइल उपवनसंरक्षकांच्या पातळीवर निकाली निघते, दिल्लीला जायची गरज नसते. यादीत शब्द लाइनचा आहे हे ध्यानात ठेवा, म्हणजे फायबर न्यायला हा रस्ता सरळ आहे, आणि टॉवरसाठी शक्यतो गावठाणातली, शाळेजवळची किंवा पंचायतीची बिनजंगलाची जागा ठरावात सुचवा, मग वन विभागाचा प्रश्नच येत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या भागात, म्हणजे मेळघाटसारख्या ठिकाणी, वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते, तिथल्या वाचकांनी ते धरून चालावं.

जिथं रेंजच नाही अशा गावांसाठी केंद्राने २७ जुलै २०२२ ला ४जी ची योजना मंजूर केली होती, देशभरातली २४,६८० गावं, २६,३१६ कोटी. तुमचा टोला त्या यादीत आहे का हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा, आणि टोल्याचं नाव वेगळं लिहून विचारा, कारण बहुतेकदा गटग्रामपंचायतीच्या मुख्य गावात रेंज असते आणि कागदावर सगळे टोले त्यातच धरले जातात. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपला कव्हरेजचा नकाशा वेबसाइटवर टाकणं बंधनकारक केलं आहे. एखाद्या पोराला तालुक्यात गेल्यावर तो उघडायला सांगा. तुमच्या टोल्यावर रंग भरलेला असेल आणि प्रत्यक्षात रेंज नसेल तर तो नकाशा छापून ठरावासोबत जोडा, यापेक्षा मजबूत पुरावा दुसरा नाही.

पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात येणारं, गाव असाल तर आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पंचायतीला थेट येते, त्याचं नियोजन ग्रामसभेत होते. त्यातून निदान शाळेत किंवा आरोग्य उपकेंद्रात सोलर बॅटरी आणि वायफायची सोय करता येईल का ते मांडून पहा, टॉवर येईपर्यंत थांबू नका. तुमच्याच जिल्ह्यात मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला, २००९ मध्ये, तोही एका-एका कागदाच्या पाठपुराव्यानेच. गरोदर बाईचं तुम्ही लिहिलं ते ठरावात पहिल्या ओळीत लिहा.

प्रश्न : मला फोन आला, तुमच्या शेतात टॉवर लावतो, महिन्याला पंचवीस हजार भाडं, ट्रायचं एनओसी काढाले आधी बारा हजार भरा. लेटरवर शिक्का पण आहे. भरू का? आणि टॉवरने आजार होतात म्हणतात ते खरं का? (राळेगाव तालुका)

भाऊ, एक रुपयाही भरू नका. ट्राय टॉवरसाठी एनओसी देतच नाही आणि शेतकऱ्याकडून कोणतीही फी घेत नाही, टॉवरवाली खरी कंपनी जागेचं भाडं देते, मागत नाही. शिक्का कोणीही छापून आणते. कापसाचे पैसे खात्यावर आले की असे फोन वाढतात, म्हणून चावडीवर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे सांगून ठेवा.

आजाराचं म्हणाल तर भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणलेली आहे. गावात कोणाला शंका असेल तर भांडून टॉवरचं काम बंद पाडण्यापेक्षा दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून मोजणी मागवता येते, पंचायतीने एकदा मागवावी आणि रिपोर्ट फळ्यावर लावावा.

आलेला फोन नंबर संचार साथी पोर्टलवर चक्षूमध्ये, म्हणजे फसव्या फोनची खबर द्यायच्या जागी, टाका. आणि कोणी पैसे भरून बसला असेल तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत, मग बँकेत आणि ठाण्यात.